पाय काढू नका

चूक माझीच होती. वीस वर्षं मी आमगावात गाडी शिकवतो आणि प्रत्येकाला एकच सांगत आलो: ब्रेक दाबून धरू नका, दाबा-सोडा, दाबा-सोडा. जुन्या जीपगाड्यांना ते बरोबर होतं. ब्रेक धरून ठेवला की चाकं जाम होऊन गाडी घसरायची. मग एबीएसच्या गाड्या आल्या. त्यांत ते दाबा-सोडा यंत्रच करतं, आपण फक्त पाय घट्ट ठेवायचा. मी मात्र जुनंच शिकवत राहिलो.

माझ्याकडे शिकलेली एक बाई शाळेची व्हॅन चालवायची. कापणीनंतर आमच्याकडे डांबरी रस्त्यावरच धान वाळत घालतात. अशाच धानावर तिच्या नव्या व्हॅनपुढे शेळी आली. तिने माझ्या सांगण्याप्रमाणे दाबा-सोडा केलं आणि व्हॅन बांधावर जाऊन आदळली. मुलं सुखरूप राहिली, शेळीही. शाळेच्या अध्यक्षांनी मला कारण विचारलं तेव्हा मी म्हणालो, बाईमाणूस आहे, घाबरली असेल. तिच्या हातची व्हॅन गेली. तिला शाळेच्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडायला बसवलं.

पुढच्या वर्षी नागपूरला गाडी शिकवणाऱ्यांचं एक प्रशिक्षण झालं. तिथे ओल्या रस्त्यावर मी दाबा-सोडा करत समोर अडथळा म्हणून ठेवलेले सगळे डबे उडवले. माझ्या मुलीच्या वयाची शिक्षिका हसू दाबत म्हणाली, काका, पाय काढू नका. दुसऱ्या फेरीत पाय धरून ठेवला. पेडल पायाखाली थडथडलं आणि गाडी डब्यांना वळसा घालून थांबली. त्या क्षणी मला रस्त्यावरचं धान दिसलं.

तिच्याकडे जायची हिंमत झाली नाही. मी शाळेच्या सगळ्या ड्रायव्हरांसाठी शिकवणी ठेवली आणि यादीत तिचं नाव पहिलं लिहिलं.

एका रविवारी राइस मिलच्या आवारात आम्ही कोंडा पसरला, वरून पाणी मारलं. कोंडा भरून एक पोतं उभं केलं. हमालांनी त्याला खडूने डोळे काढले, सुतळीची दाढी लावली आणि शेळी म्हणून जाहीर केलं. जत्राच भरली. अध्यक्षही चना-पोह्यांची प्लेट घेऊन उभे होते. पहिल्या ड्रायव्हरने पेडल थरथरताच पाय उचलला आणि शेळी लोळवली. "गाडी लात मारून राहिली जी," तो म्हणाला. हमाल म्हणाले, दुसरी शेळी भरा, ही गेली. तिसऱ्या फेरीपर्यंत सगळे डोक्यापासून कोंड्याने माखले होते. इतका मी कित्येक वर्षांत हसलो नव्हतो.

यादीत पहिली असूनही मागे थांबलेली ती मग व्हॅनमध्ये बसली. मी खिडकीशी जाऊन सांगितलं, जोरात दाबा, धरून ठेवा, आणि जिकडे जायचं तिकडे बघा. ती वेगात आली. खडखड आवाज झाला, कोंडा उडाला आणि व्हॅन शेळीच्या दाढीजवळून वळून पलीकडे थांबली. हमालांनी शिट्ट्या मारल्या.

ती खाली उतरली. हसत नव्हती.

"मास्तर, हे मले तवा काऊन नाही सांगितलं?"

गाड्या नव्या होत्या, एवढं म्हणून सुटता आलं असतं. मी अध्यक्षांकडे वळलो. ती घाबरली नव्हती, मी चुकीचं शिकवलं होतं आणि तुम्हाला खोटं सांगितलं, असं सगळ्यांसमोर बोलून टाकलं. अध्यक्षांनी घास गिळला, माझ्याकडे रागाने पाहिलं आणि उद्यापासून व्हॅन हीच चालवेल, म्हणाले. टाळ्या पडल्या. मला वाटलं, झालं.

"साहेबाले सांगितलं तुमी," ती म्हणाली. "मले कायी नाही सांगितलं."

तिच्या केसांत कोंडा अडकला होता. मी हात जोडले.

"बाई, मले येत नव्हतं तेच मी तुमाले शिकवलं. तुमी तसंच केलं, अन् नाव मी तुमचं खराब केलं. समजल्यावरबी तुमच्या दारात आलो नाही. मले माफ करा."