पस्तीस मिनिटांची मावशी

माझ्या ताईच्या नवऱ्याला सगळे नातेवाईक पाठीमागे 'मीटर' म्हणतात. मी तोंडावर 'भावजी' म्हणते, एवढाच काय तो माझा चांगुलपणा.

तीस वर्षं त्यांनी पाणी खात्यात मीटर तपासले. दारात उभं राहायचं, आकडा लिहायचा, पुढचं दार गाठायचं. आत कोण हसतंय, कोण रडतंय, यांना काय त्याचं! निवृत्त झाल्यावर त्यांना प्रवासाची हौस जडली आणि आता गावांच्या नशिबीही तेच आलं. दर रविवारी शहरातून सकाळची गाडी, संध्याकाळी परत. स्टेशनच्या पाटीचा फोटो, वहीत नोंद, बाजारातून एक चक्कर, आणि परतीच्या गाडीआधी तासभर फलाटावरच्या बाकावर ठाण मांडायचं. "त्रेसष्ट गावं झाली," असं ते लग्नात दिसेल त्याला अडवून सांगतात. तिथे काय पाहिलं विचारा, तर गाडी चार मिनिटं उशिरा होती हे कळतं.

तळ्याच्या गावाला ते ताईला घेऊन वर्षातून दोनदा जातात. तिथे आमची मावशी राहते. आई गेल्यावर तिनेच आम्हा दोघी बहिणींना वाढवलं. भावजींच्या कागदावर मात्र '११.१० ते ११.४५ मावशी' एवढंच असतं. तळ्याला पन्नास मिनिटं. पावणेबारा वाजायचा अवकाश, की हे दारात उभे राहून घड्याळावर बोट आपटू लागतात. आणि शाळेत अख्खा वर्ग नुसत्या नजरेने गप्प करणारी माझी ताई मुकाट्याने चपला घालते. आठ वर्षं हेच. तिचाही मला संताप येतो.

या खेपेच्या आधी मावशी घरात पडली होती. आता ती अंथरुणातून उठेलसं वाटत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ताईला तिच्याजवळ एक पूर्ण दिवस हवा होता, फक्त एक. भावजींच्या कागदावर पस्तीसच मिनिटं होती. म्हणून भांडायला मीही निघाले.

आम्ही शेवटच्या डब्यात बसलो, कारण उतरल्यावर स्टेशनच्या फाटकापासून तो जवळ आणि त्यात म्हणे तीन मिनिटं वाचतात. नवं वेळापत्रक भावजींना तोंडपाठ होतं. म्हणजे त्यातले आकडे. आकड्यांखालचं बारीक अक्षर वाचायची सवय त्यांना कधी लागलीच नाही. जंक्शनला गाडी थांबली आणि घोषणा झाली: पुढचे चार डबे तळ्याकडे जातील, मागचे चार दगडखाणीकडे.

"अहो, पुढे जायचं म्हणताहेत," ताई म्हणाली.

"घोषणा नवख्यांसाठी असतात. मी इथे सोळा वेळा येऊन गेलोय. बस खाली."

ताई क्षणभर बसली. मग उठली, पिशवी उचलली आणि उतरली. मी तिच्यामागे पुढच्या डब्यांकडे पळाले. मागचे डबे सुटले तेव्हा भावजी खिडकीत मान खाली घालून वहीत लिहीत होते. बहुधा जंक्शनची वेळ.

तासाभराने त्यांचा फोन आला. "अगं, इथे नुसते दगड आहेत! परतीची गाडी थेट चार वाजता!"

"मग सावकाश गाव बघा," ताई म्हणाली आणि फोन बंद करून पिशवीत टाकला. मला भयंकर आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

मावशीचं दार शेजारणीने उघडलं. मावशीला आता फार दिसत नाही, पण ताईच्या पावलांचा आवाज तिने ओळखला. ताईने तिचं डोकं पलंगाच्या कडेला घेऊन कोमट पाण्याने केस धुतले, पुसले, हळूहळू विंचरले. बारा वाजून गेले. दीड वाजला. आम्ही जेवलो. ताई पुन्हा उशाशी जाऊन बसली.

मावशीची चुळबुळ चालली होती. शेवटी तिने विचारलं, "गाडी चुकेल ना गं तुझी?"

"चुकू दे. मी आज जात नाही."

मावशीने चाचपडत ताईचा हात धरला.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "तुलाच माझा कंटाळा येतो."