विमानाच्या नाकाला कुंकू

कराडजवळच्या धावपट्टीवर आम्हा हौशी मंडळींचं एक जुनं पिवळं विमान आहे, दोन माणसांचं. तीन वर्षं ते शेडमध्ये खोलून पडलं होतं. त्याचं इंजीन माझ्या वडिलांनी पुन्हा चालू केलं. वडील लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. जन्मभर यंत्रं दुरुस्त केली, पण विमानात कधी बसले नव्हते. ऐंशीच्या उंबरठ्यावर त्यांची एकच हौस उरली होती, या विमानातून एकदा वर जायचं.

आईचा विरोध होता. "जीप बिघडली तर रस्त्याकडंला लावत्यात. ह्ये बिघडलं तर कुटं लावणार?" शेवटी ती दसऱ्याला कबूल झाली, पण अट घातली, "पूजा म्या करणार. माज्या हातानं."

विमान चालवणारे सांगलीचे दातांचे डॉक्टर. त्यांनी सकाळीच विमानाची पाहणी उरकली. मग आईने पंख्याला झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी हार काढला. वडील पुढच्या सीटवर पट्टा बांधून ताठ बसले, चालवायला डॉक्टर मागच्या सीटवर. विमान धावू लागलं, अर्ध्यातच मंदावलं आणि वळून परत आलं. आई लगबगीने विमानाकडे निघाली.

"वेगाचा काटा हलतच नाही," डॉक्टर म्हणाले. वडील पट्टा सोडेनात.

पंखाखाली एक बारीक नळी असते. तिच्यात वारा शिरतो, त्यावरून वेग कळतो. डॉक्टर उतरले, वाकले, दाढ तपासावी तसं त्यांनी नळीत पाहिलं. तोंडाशी ओलं कुंकू गच्च बसलं होतं.

"त्ये नाक न्हवं व्हय?" आई म्हणाली. "म्हटलं, पयला मान नाकाचा."

मी आधी संतापले, मग हसत सुटले. खरं तर पूजेनंतर पुन्हा पाहणी न करणारे शहाणे आम्हीच. मी नळी मागच्या जोडापासून सोडवली, सायकलच्या पंपाने साफ केली. विमान धावपट्टीवर नुसतं पळवून पाहिलं. काटा हलला.

मग वडील वर गेले. आई पदर तोंडाशी धरून उभी राहिली, आणि मी मोबाईलवर फोटो काढायचंच विसरले. उतरल्यावर वडील आईला एवढंच म्हणाले, "आपला ऊस दिसला गं. लय ब्येस आलाय." आईने पदराने त्यांचे डोळे पुसले.

त्याच दिवशी वडिलांनी तपासणीच्या तक्त्यात शेवटची ओळ हाताने लिहिली, 'कुंकू पुसलं का?' उड्डाणाआधी डॉक्टर ती मोठ्याने वाचतात. गेल्या दसऱ्याला त्यांनी वाचली, तेव्हा पुढच्या सीटवरून आईच म्हणाली, "व्हय, पुसलंय. चला आता."