मध्यरेषेवरची प्रार्थना

आमच्या शाळेतले एक सर मैदानाच्या मधोमध डोळे मिटून उभे राहायचे. त्यावरून गावात जेवढी चर्चा झाली, तेवढी शाळेच्या गळक्या छपरावर झाली असती तर आम्हाला वर्गात बादल्या मांडाव्या लागल्या नसत्या.

शाळा किन्हवलीच्या पुढे, आठवीपर्यंतची, जिल्हा परिषदेची. मी आसनगावहून जीपने जाते आणि विज्ञान शिकवते. देव मानता का, असं कुणी विचारलं तर मी आधी विचारणारा कोण ते बघते आणि मग उत्तर देते. सरांना असला धोरणीपणा जमत नव्हता. ते सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातले. तरुणपणी कबड्डी गाजवलेले, गुडघा गेल्यावर मास्तर झालेले. शिकवायचे मराठी, पण जीव सगळा मुलींच्या कबड्डीत.

शेवटच्या तासाला सराव असायचा. त्याआधी सर मध्यरेषेवर जाऊन हात जोडायचे आणि खणखणीत आवाजात मारुतीची प्रार्थना म्हणायचे. मारुती ब्रह्मचारी, त्याला मुलींच्या कबड्डीत कितपत रस असेल अशी मला शंका होती, पण ती मी पोटातच ठेवली.

सरांनी कधी कुणाला शेजारी बोलावलं नाही, हे खरं. सुरुवातीला मुली बाजूला उभ्या राहून हसायच्या. मग एक जण त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि त्या दिवशी पहिली चढाई तिला मिळाली. योगायोग असेल. पण त्या वयाच्या मुली योगायोगावर विश्वास ठेवत नाहीत. थोड्याच दिवसांत अख्खा संघ सरांभोवती गोल करून डोळे मिटायला लागला. त्यातल्या निम्म्या जणी एक डोळा किलकिला ठेवून सर आपल्याकडे बघतायत का ते तपासायच्या. सर बघत नसायचे. त्यांचे दोन्ही डोळे प्रामाणिकपणे बंद असायचे.

एक मुलगी तेवढी त्या गोलात यायची नाही. सातवीतली, काटकुळी. चढाईला गेली की पकडणाऱ्यांच्या हातात नुसता वारा यायचा. तिच्या घरी बुद्धवंदना होते. मारुतीशी तिचं भांडण नव्हतं, ओळखच नव्हती. प्रार्थना सुरू झाली की ती बोअरिंगवर पाणी प्यायला जायची. परत येईपर्यंत संघ वाटून झालेला असायचा आणि ती राखीव मुलींत बसायची.

मी सरांना एकदा विचारलं, "ती रोज बाहेर का?"

"मॅडम, ती सरावाला उशिरा येते."

"ती पाणी प्यायला जाते. तुमची प्रार्थना चालू असते तेव्हा."

"मग मी काय करू? मी कुणाला सांगितलंय का, माझ्याबरोबर उभं राहा म्हणून? मी माझं करतो."

ते खोटं बोलत नव्हते, म्हणून जास्त अवघड होतं. खोटारड्या माणसाशी भांडता येतं.

मग एके दिवशी मुलीचे वडील आले. ते दुधाचा टेम्पो चालवायचे. आवाज न चढवता म्हणाले, "सर, तुमी देवाला हाक मारा, आमचं काय बोलणं नाय. पण पोरगी पानी प्यायला गेली म्हणून बसवून ठेवायची, ह्ये बरोबर नाय." सरांचा चेहरा पडला. त्यांना हे खरंच सुचलं नव्हतं. पण माणूस एकदा दुखावला की आधी आपली बाजू लावून धरतो, तसे तेही म्हणाले, "तिचा दम कमी पडतो."

मुख्याध्यापिका बाईंनी शाळा समितीची बैठक बोलावली. समितीत सगळे पालक. वर्षभर ज्यांचं तोंड दिसत नाही तेही देवाचा विषय म्हणून हजर झाले.

"कामाच्या टायमाला प्रार्थना नको," एक जण म्हणाला. "आमी शेतावर मजुरी देतो, तर मजूर काय माळ जपत बसतो काय?"

"मग सकाळी परिपाठाला पोरं हात जोडतात, ते काय असतं?" दुसऱ्याने विचारलं.

"ती सगळ्यांची प्रार्थना. ही सरांची."

"देव काय सरांच्या एकट्याचा हाय?"

हे असं चहा येईपर्यंत चाललं आणि चहा संपल्यावरही चाललं. शेवटी बाईंनी तोडगा काढला. सरांनी प्रार्थना जरूर करावी, पण मनातल्या मनात.

सगळ्यांनी माना डोलावल्या. इतक्यात अध्यक्षांना प्रश्न पडला. अध्यक्ष म्हणजे भाताची शेती असलेले वयस्कर गृहस्थ, प्रत्येक गोष्ट मुळापासून धरणारे. ते म्हणाले, "मनातल्या मनात केलेलं देवाला ऐकू जातं काय?"

सगळे माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी विज्ञान शिकवता. तुमीच सांगा."

मी गप्प बसायला हवं होतं. पण नुकताच सहावीला ध्वनीचा धडा झाला होता, तो तोंडात तयार होता. म्हटलं, आवाज जायला माध्यम लागतं, हवा लागते.

"म्हंजे मनातलं पोचत नाय," अध्यक्ष म्हणाले. "मॅडमच बोलल्या."

बैठक पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिला माध्यम लागलं नाही. अखेर असं ठरलं की सरांनी मोठ्याने म्हणावं, पण मुलींच्या समोर नाही आणि मैदानाच्या आत नाही.

सरांनी ते पाळलं. ते शाळेमागे एकटे जायचे आणि परत येऊन संघ वाटायचे. पण गोल मोडला तरी सवय राहिली. पहिल्या सात जणी त्याच राहिल्या आणि ती मुलगी बाहेरच.

तालुक्याबाहेरचा पहिला सामना मुरबाडला होता. मुलींबरोबर बाई माणूस हवी म्हणून मला पाठवलं. मला कबड्डीतलं 'कबड्डी' एवढंच कळतं. समोरच्या शाळेचे मास्तर मैदानात आले, माइक घेतला आणि संघासह दणदणीत प्रार्थना म्हणाले. आमच्या मुली सरांकडे बघत राहिल्या. सरांचे हात आपोआप जुळत होते आणि ते पुन्हा खिशात घालत होते. मला त्यांची दया आली, हसूही आलं.

मध्यंतराला आम्ही मागे होतो. सर म्हणाले, "मॅडम, जरा बघा इकडे. आलोच." आणि ते मैदानाच्या भिंतीपलीकडे गेले. ठरलं होतं त्याप्रमाणे, मैदानाच्या बाहेर.

शिट्टी वाजली. पहिल्याच चढाईला आमची मुख्य चढाई करणारी मुलगी पाय मुरगळून बसली. पंच बाकाकडे आले. "बदली कोण? लवकर सांगा."

मी भिंतीकडे पाहिलं. सर दिसत नव्हते, नुसता आवाज ऐकू येत होता. प्रार्थना निम्म्यावर असावी. बाकावर राखीव मुली बसल्या होत्या. मी त्या काटकुळीला म्हटलं, "जा गो."

"सर बोलले नाय," ती म्हणाली.

"मी बोलते ना."

तिने ओढणी सोडून माझ्याकडे दिली आणि गेली. पहिल्या चढाईत बोनसचा गुण आणला. दुसऱ्या चढाईत दोघींना बाद करून परत आली. तेवढ्यात सर आले. मैदानात ती दिसल्यावर जागीच थांबले, आणि मग माझ्या शेजारी बसले. ती चढाईला गेली की त्यांचा न गेलेला गुडघा हलायचा. "डावीकडे, डावीकडे," असं ते पुटपुटत होते. पुढे तिची एकदा जबरदस्त पकड झाली, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

आम्ही हरलो, थोडक्यात. माइकवाला संघही पुढच्या सामन्यात हरला, आणि जिंकलेला संघ त्याआधी झाडाखाली वडापाव खात बसलेला मी पाहिला होता. यातून काय निष्कर्ष काढायचा ते मी समितीला सांगितलं नाही.

परतताना जीपमध्ये सर पुढे, माझ्या शेजारी बसले होते. मग मागे वळून त्या मुलीला म्हणाले, "तुझा दम चांगला हाय."

"आधीपासून हाय," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

मुरबाड मागे पडल्यावर सर मला हळूच म्हणाले, "मॅडम, मी संघ निवडायचो तेव्हा बघतच नव्हतो हो."

मी "असू दे" म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

त्यानंतर सर प्रार्थना घरीच उरकून यायला लागले, त्यामुळे त्यांची जीप चुकते आणि बाई त्यांना उशिराबद्दल बोलतात. संघ ते आता सगळ्यांना खेळवून निवडतात. ती मुलगी पहिल्या सातांत असते, पण चढाईत फार घाई करते, आणि सर तिला त्यावरून रोज ओरडतात. तीही त्यांना उलट उत्तर देते.