पाच काचांवरचे रंग

ये गं, जवळ बस. कागदावरून का होईना, बस. महिना झाला, आजीचा फोन उचलताना बोटं दुखतात का तुझी? माझ्यात आता रागवायचंही त्राण नाही. पण त्या दुपारची माझी बाजू तू ऐकलीच नाहीस, तेवढी ऐक.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचसामान धुण्यात माझा जन्म गेला. शिक्षण चौथी, बाकीचं बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून. काच स्वच्छ झाली कधी म्हणायचं? पाणी एकसारखं पसरून उतरलं की. थेंब अडकला, तर पुन्हा धू. नोकरी संपली, पण हात कुठे ऐकतात? लग्नात जेवायला बसले तरी आधी पेला उजेडात धरून बघते.

तुझ्या त्या सोन्याच्या प्रयोगांचं मला अगदीच कळत नव्हतं असं नाही. तूच सांगितलं होतंस, सोनं डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक केलं, की पाण्यात कोकम सरबतासारखं लाल दिसतं. उजेड पडला की त्या कणांच्या आत काहीतरी डोलतं. खाली चकचकीत थर जवळ असला की डोलणं बदलतं, म्हणून रंगही बदलतो. मी म्हटलं, "म्हणजे शेजारी कोण, त्यावर वागणं. आपल्या सोसायटीसारखंच." केवढी हसली होतीस!

आणि मग हॉस्टेलवरून आलीस, दमून झोपलीस, प्रयोगशाळेतून आणलेला डबा माझ्या ओट्यावर. उघडून बघते तर पाच स्लाइड, काचेच्या पट्ट्या. एक गुलाबी, एक जांभळट, एक हिरवट, एकीसारखी दुसरी नाही. मला वाटलं, हल्ली धुतं कोण यांच्याकडे? धड एकही निघालेली नाही! म्हटलं, पोरीचं तेवढंच काम हलकं होईल. काथ्या घेतला आणि घासल्या. पाणी काय सरळ उतरलं! कौतुकाने तुला उठवून दाखवल्या.

तू ओरडली नाहीस. हळूच म्हणालीस, "आजी, ते डाग नव्हते. प्रत्येकीवर सोन्याचे कण थरापासून वेगवेगळ्या अंतरावर बसवले होते. सोमवारी सरांना तो फरकच दाखवायचा होता."

आणि मी काय म्हणाले? "मग डब्यावर लिहायचं होतंस, धुऊ नये म्हणून!"

चहा न घेता गेलीस.

महिनाभर तेच डोक्यात आहे. घासलं ते अजाणता, बोलले ते मात्र जाणून. चूक झाली गं माझी. फोनवर हे तोंडातून निघालं नसतं, म्हणून लिहिते आहे. गुडघे चालत असते तर मीच आले असते. नव्या स्लाइड झाल्या असोत नसोत, या रविवारी विश्रांतवाडीला घरी ये. तासभर तरी ये.