तात्यांची पाच वाव

माझे यजमान तात्या हे वरळी कोळीवाड्यातील मासेमार असून त्यांचे वय एकाहत्तर वर्षे आहे. समुद्रात खुंट रोवून ते जिथे जाळे बांधतात, ती जागा त्यांच्या आजोबांपासून चालत आलेली आहे. किनाऱ्यावर तिचा पत्ता कोणालाही सांगायचा नाही, अशी घरची रीत आहे. लग्नाला पन्नास वर्षे झाली तरी तो मलाही ठाऊक नव्हता.

गेल्या मार्च महिन्यात मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात समुद्राच्या पाहणीसाठी अंबिका मॅडम संगणक घेऊन आल्या. अनेक वर्षे मोजलेली समुद्राची खोली, पाण्याचे तापमान, मासळी, असे लाखो आकडे एका नकाशात भरलेले होते. बोट लावावे तिथल्या खोलीचा आकडा उघडत असे. बंदरातून उपसलेला गाळ समुद्रात टाकला जाणार होता. नकाशात जाळ्याची खूण असेल तेवढीच जागा वगळणार होते आणि खूण करण्याची मुदत त्याच दिवशी संपत होती. म्हणून तात्या रीत मोडायला तयार झाले आणि मलाही बरोबर घेऊन गेले.

तात्या जागा ओळखतात ती होडीतून, देवळाचा कळस गिरणीच्या चिमणीच्या रेषेत आला म्हणजे. नकाशात कळसही नव्हता आणि चिमणीही नव्हती. त्यांनी बोट टेकवले तर वरळीचा किनाराच सरकला.

"म्याडम, धरा तिला! वरली पलाली!"

"पळाली नाही काका, तुम्ही ओढलीत."

"मी कशाला ओढू? नुसता हात लावला."

शेजारचे बाबुराव मागून म्हणाले, "तात्या, जालं टाक, मंग गावंल!"

अखेर मॅडमनी नकाशातला वरळीचा किल्ला दाखवल्यावर त्यांना दिशा कळली. बोट एका ठिकाणी थांबले. आकडा उघडला, नऊ.

"खोटं हाय. माज्या जागेवर पाच. बापानं दोर सोडून मोजलंय."

मग पाचाचा आकडा येईपर्यंत ते बोट किनाऱ्याकडे आणत राहिले. "हा. हितं मारा." मॅडमनी खूण केली.

मी दोन वर्षांपासून प्रौढ वर्गात जाते. नकाशाच्या कोपऱ्यातील अक्षरे मी जुळवून वाचली. तिथे 'खोली मीटरमध्ये' असे लिहिले होते.

"आवो, तुमची पाच म्हंजे वाव ना?" मी दोन्ही हात पसरून दाखवले. एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत जेवढा दोर, तेवढी एक वाव.

मॅडमनी हिशेब केला. पाच वाव म्हणजे जवळजवळ नऊ मीटर.

"म्हंजे पयली जागा खरी?" तात्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चुकीची खूण पुसायला लावली आणि सर्वांना भिंतीकडे तोंडे करण्यास सांगितले.

"आंधला होऊ का रे?" बाबुराव म्हणाले.

"व्हो."

खूण झाल्यावर त्यांनी मॅडमना हळूच विचारले, "आता ही कोनाला दिसंल?"

"इंटरनेटवर सगळ्यांना, काका. म्हणून तर तिथे गाळ टाकणार नाहीत."

आम्ही घरी आलो. उंबऱ्यात बसून त्यांनी विचारले, "रखमे, जागा वाचली ना?"

"वाचली."

"मंग ती आपली रायली का?"