पुठ्ठेकाका

पुठ्ठेकाका सकाळी उठले की चहाच्याही आधी ड्राइव्हवेवर जाऊन गाडीखालचा पुठ्ठा बघायचे. घरी आलेल्या एखाद्या पार्सलचं खोकं उलगडून त्यांनी ते पुढच्या चाकांमध्ये अंथरलेलं असे. त्यावर तेलाचा ठिपका दिसला की काकांचा दिवस खराब. ठिपका बोटावर घेऊन, हुंगून, तो कुठून गळला ते सांगायचे. इथं इंग्लंडात, मिल्टन कीन्समधल्या आम्हा मराठी मंडळींनी त्यांना हे नाव ठेवलं ते यावरून. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं आवडतही होतं.

काका मूळचे नागपूरचे. जन्मभर सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं आणि रिटायर झाल्यावर दिसेल तिथून गळणारी एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली. मी दोन घरं सोडून राहतो आणि शनिवारी मोकळा असतो. त्यामुळे जॅक लावायला आणि बोलणी खायला मीच.

त्या गाडीच्या पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना शहाळ्याएवढा पोलादी गोळा असतो. चाक वळतं ते त्याच्याभोवती, आणि आतलं तेल बाहेर येऊ नये म्हणून गोळ्यावर रबराचं मोठं गोल सील बसतं. काकांनी मला हे काकूंच्या कुकरची रिंग हातात धरून समजावलं होतं. "ही ढिली झाली की तुझी काकू फ्रीझरमध्ये ठेवते. तसला जुगाड इथं चालत नाही, बाप्पा." नवं सील मागवण्याआधी ते गोळ्यावरून नख फिरवायला लावत. नख अडकलं तर गोळा खडबडीत झालेला. मग कितीही भारी सील आणा, तो त्याची कड खाऊन टाकणार.

जोडात भरायच्या चिकट सीलंटच्या ट्यूबवर तर त्यांचा पहारा असे. "दोन भागांच्या मधे कागदाचं गॅस्केट आहे नं तिथं? मग ट्यूब खाली ठेव. लोखंडावर लोखंड बसतं तिथंच लावायचं, आणि तेही महिनाअखेरीच्या टूथपेस्टसारखं." एकदा मी सढळ हातानं लावलं. त्यांनी जोड पुन्हा उघडला आणि आत पिळून निघालेल्या गुठळ्या मला वेचायला लावल्या.

पण सगळ्यात मोठा नियम एकच: "सील आधी." सील म्हणजे अखंड कडं. गोळा ॲक्सलला बोल्ट करण्याआधीच ते मागून चढवावं लागतं. विसरलात की सगळं पुन्हा खोला. काही लोक कंटाळून सील कापतात, गोळ्याभोवती गुंडाळतात आणि टोकं चिकटवतात. अशांचे व्हिडिओ बघताना काका टीव्हीशी भांडायचे. "कापलेलं सील महिनाभर टिकत नाही," हे मी किती वेळा ऐकलं असेन.

मग काका आजारी पडले. आजार वाईट होता. सोमवारपासून नवं औषध सुरू होणार होतं, आणि त्यानंतर ड्रायव्हिंग बंद असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याआधी त्यांना एकदा ही गाडी स्वतः चालवायची होती. शनिवारी आम्ही डावी बाजू जोडत होतो. शेवटचा बोल्ट त्यांनीच आवळला, हात पुसले, आणि मला टेबलावर राहिलेलं सील दिसलं.

"काका, सील."

त्यांनी सील उचलून माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "काप."

"आपण परत खोलू ना. मी करतो सगळं, तुम्ही नुसते बसा."

"खोलण्यात रविवार जाईल रे. मग सोमवार आहे. काप."

मी कापलं. टोकं त्यांनी चिकटवली. सीलंटची रेघ पातळच आली. रविवारी गाडी काढली, काकू मागे, मी शेजारी. लांब कुठं गेलो नाही, एकामागून एक राउंडअबाउट घेत राहिलो. एकाला तर काकांनी उगाचच दुसरी फेरी मारली. "टेस्टिंग," म्हणाले.

उन्हाळा संपता संपता काका गेले. लोकांना फोन करणं, क्रिमेटोरियमची वेळ ठरवणं, सगळं मी केलं. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. दाढ काढण्याआधी इंजेक्शन दिल्यावर गाल होतो तसा मी सगळाच झालोय.

काकूंनी गाडी विकायची ठरवली. म्हणाल्या, "शनिवारी माणूस न्यायला येतोय. ह्यांनी नंतर दुसरं सील मागवून ठेवलं होतं. तेवढं बसवून दे. कापलेलं ह्यांना चाललं नसतं रे."

मी सगळं खोललं. नवं सील आधी, मागून चढवलं. निघालेलं जुनं सील पुसून बघितलं तर जोड तसाच होता, घट्ट. महिनाभर टिकत नाही म्हणायचे. ते त्यांच्यापेक्षा जास्त टिकलं. तिथं मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी बोल्ट आवळले.

गाडी गेल्यावर पुठ्ठा उचलायला वाकलो तर काकू दारातून म्हणाल्या, "असू दे." तो अजून आहे. पावसानं लगदा झाला की मी नवा अंथरतो. रोज कामावर जाताना थांबून बघतो. कुठे ठिपका नसतो.