खेळते ते ठीक, पण काम काय करते?

किस्से जमवावे लागत नाहीत हो. खेळाडूच्या गुडघ्यात पाणी कसं आपोआप जमतं, तसंच आहे हे. डॉक्टरांनी एकदा काढलं की पुढच्या सिझनला पुन्हा भरलेलं! चार मैत्रिणी बसल्या, चहा आला, की कुणीतरी म्हणतंच, "निशा, तो बाबांचा सांग ना." मग काय, मी सुरू.

तर मी निशा. गाव अड्याळ, जिल्हा भंडारा. उंची सहा फूट एक इंच. बास्केटबॉल खेळते आणि तोच माझा धंदा. क्लब करार करतो, पगार देतो, आणि मी रिंगखाली उभी राहून समोरचीला आत येऊ देत नाही. या बाबतीत माझा हात धरणाऱ्या फार कमी आहेत. हे मी स्वतःच सांगून टाकते, कारण दुसरं कुणी सांगेपर्यंत थांबायची मला सवय नाही.

फक्त एका माणसाला हे पटत नव्हतं. आमचे बाबा! जन्म धानाच्या बांध्यांत गेलेला. त्यांचं मत ठरलेलं, "खेळ होय थो. काम नोहे." कप आणला, मेडल आणलं, पेपरात फोटो आला. बाबा फोटो नीट बघायचे अन म्हणायचे, "मस्त हाय. आता काम पाह्य एखादं." बाकी सगळं मिळालं हो मला, पण मी काम करते हे बाबांनी एकदा मानावं, तेवढं काही होईना. आणि मला नेमकं तेच हवं होतं.

*

खेळ सुरू झाला शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर. आता सपाट सिमेंट आणि त्यात धानाचा सिझन, म्हणजे कोर्ट कुणाचं? धानाचं! शेजारच्या कौसाबाई अर्ध्या कोर्टवर धान वाळू घालायच्या आणि काठी घेऊन बसायच्या. एक तर शेळ्यांसाठी, दुसरं म्हणजे आमच्यासाठी. कुणाचा बूट धानाच्या जवळ गेला की सुरू, "लक्ष्मी होय वं थे! बुटानं तुडवता का?" त्यामुळे आमची सगळी प्रॅक्टिस उरलेल्या अर्ध्यात.

मग भंडाऱ्याला पहिली मोठी मॅच. पूर्ण कोर्ट, पांढऱ्याशुभ्र रेघा. मी बॉल हिसकावला, सुसाट निघाले, आणि मधल्या रेघेवर आल्यावर कचकन ब्रेक! मागून येणाऱ्या आमच्या चौघी, त्याही तिथंच थांबल्या. समोरच्या पोरी चक्रावल्या, ही कोणती नवीन ट्रिक? पंचाच्या तोंडात शिट्टी, पण वाजवायची कशाबद्दल ते त्याला कळेना.

आमचे पीटीचे गभणे सर बाहेरून जीव तोडून ओरडले, "अवं जा नं समोर! तिकडं धान नाही!"

*

वरठीहून एक स्थळ आलं. मुलगा कारखान्यात परमनंट. मायनं मला आधीच दम दिला होता, "बसूनच राह्यजो. उठू नको." मी बसून राहिले. पोहे बसून दिले, चहा बसून दिला. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात मुलाच्या मामांच्या कपातला चहा सांडला आणि मी सवयीनं फडकं आणायला उठले.

मामांची मान वर वर जात राहिली. टोपी मागं पडली! मुलगा बिचारा माझ्या खांद्याला लागत होता, तो आपला पोहेच बघत बसला.

मामांनी स्वतःला सावरलं. बाबांना विचारलं, "मुलगी काय करते?"

"खेळते."

"हो, खेळते ते ठीक. पण काम काय करते?"

बाबा एकदम खूश झाले. पाट पुढं सरकवून मामांच्या जवळ गेले आणि म्हणाले, "मी बी तं तिले थेच इचारून राहिलो ना, भाऊ!"

*

आमच्या टीमची गुरप्रीत लुधियानाकडची. एका वर्षी म्हणाली, तुझं गाव बघायचंय. आली ती नेमकी धानाच्या रोवणीत! बाबांना वाटलं, बरं झालं, दोन बाया वाढल्या. पाहुणीच्या हातात सरळ पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची जुडी. "बेटी, कमर सीधी मत करना. लाइन टेढी होती है."

गुरप्रीत शेतकऱ्याचीच लेक. चिखलात उतरली ती मशीनसारखी सुटली. मी? सहा फूट एक इंच माणूस वाकणार किती अन सरळ होणार किती! दर दोन हातांवर मी कंबर धरून उभी. बांधीतल्या बाया हसून हसून बेजार. एक म्हणते, "निशे, तू उभीच राह्य. पाखरं तरी येनार नाही!"

संध्याकाळी बाबा शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून गुरप्रीतची रांग बघत होते. मग मायला म्हणाले, "हे पोट्टी कामाची हाय. असं कर, इले ठेवून घे. आपलीले देऊन टाक पंजाबले."

गुरप्रीत अजून सगळ्या टीमला सांगते, "अंकलने मुझे साइन कर लिया था, इसको रिलीज कर दिया!"

*

लीगची मॅच पहिल्यांदा टीव्हीवर दिसणार होती. गल्लीतले सगळे आमच्या घरी. माय तर पुढं पाट टाकून बसलेली. बाबा बैलांना चारा टाकायला गेले. मला हे नंतर कळलं, वाईट वाटलं. पण चारा टाकून झाल्यावर म्हणे दारात उभे राहिले, पाचेक मिनिटं. आणि नेमकं त्याच पाच मिनिटांत कोचनं मला दम घ्यायला बाहेर बसवलेलं!

रात्री फोन. "तू तं नुसती बसून होती वं."

"बाबा, तसं असतं. थोडा वेळ बसवतात, मग परत घेतात."

"बसल्याचा बी पगार भेटते?"

"भेटतो ना."

बाबांनी आधी ते मायला सांगितलं. मग म्हणाले, "मस्त हाय बुवा. पन काम नोहे थे."

*

मग गुडघा गेला. उडी मारली, बॉल काढून घेतला, खाली येताना पाय वळला आणि आतून कटकन आवाज आला. लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं. क्लब म्हणाला, "आराम कर, मग बघू." या "बघू"ला आमच्या धंद्यात फार घाबरतात. मी नाही घाबरले. मी परत उभी राहणार हे मला पक्कं माहीत होतं, आज उभी आहेच. पण ते दिवस खाटेवर गेले, अड्याळला.

घरी काय, रोज एक बाई आणि रोज एक तेल. मोहाचं, एरंडाचं, कुणाच्या मावशीनं कढवलेलं. गुडघ्यावर भजी तळता आली असती! बाबा मात्र गुडघ्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. सकाळी शेतात, संध्याकाळी परत. येता-जाता माझ्या पायाकडे बघायचे तेवढं. मला राग यायचा. एकदा मी मायला म्हणाले सुद्धा, "बैल लंगडला असता तर दहा वेळा विचारलं असतं!"

*

पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडे बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू वाहून खांदे दुखतात ना त्यांचे. लोणी-हळद कोमट करायची, पळसाच्या पानानं खांद्यावर चोळायची आणि बैलाच्या कानाशी उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. आमच्या घरी हे बाबाच करतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

मी छपरीत खाटेवर पाय लांब करून बसले होते. बाबांनी शिंगऱ्याची खांद शेकली, मग लाल्याची. तेवढ्यात आमचा नवा गोऱ्हा मधेच मान खुपसायला लागला. माय म्हणाली, "याले बी लावा ना थोडंसं. आस लावून राहिला."

बाबांनी त्याला ढकललं. "याले कायले? यानं कधी जू घेतलं? ज्यानं काम केलं, त्याचीच खांद शेकत असतात."

गोऱ्ह्याचं तोंड असं झालं की मला हसू आवरेना!

वाटीत थोडं लोणी उरलं होतं. बाबा वाटी घेऊन छपरीकडे आले. मला वाटलं, हात धुवायला चालले. ते खाटेच्या कडेवर बसले.

"कोनता?"

"डावा, बाबा."

त्यांनी गुडघ्याचा पट्टा हळूच सोडला. नवीन पळसाचं पान घेतलं, लोण्यात बुडवलं आणि टाक्यांच्या बाजूबाजूनं चोळत राहिले. बराच वेळ. माय दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. वाटी पार पुसून झाल्यावर बाबा उठले, माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले,

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये."